देवाचा कौल : पाकळी पडेपर्यंत

दिवाळी सरली, की लालबाग-परळपासून भांडुप-डोंबिवलीपर्यंतच्या चाकरमान्यांच्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आंगणेवाडीची तारीख पडली का?’ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यात मसुरे गावाची ही एक वाडी. तेथील भराडी देवीच्या यात्रेला लाखोंच्या संख्येने माणसे लोटतात, कोकण रेल्वेच्या मार्गावर खास गाड्या सोडल्या जातात, मुंबईतील सर्व पक्षांचे पुढारी आवर्जून हजेरी लावतात. मात्र या यात्रेची तिथी पंचांगात सापडत नाही आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आगाऊ छापता येत नाही. ती देवी ठरवते. पूर्वापार पारधीच्या प्रथेशी जोडलेल्या विधींनंतर देवीला कौल लावला जातो आणि देवीने होकार दिलेला दिवस आंगणे कुटुंबीय जाहीर करतात. त्यानंतर धावपळ सुरू होते ती रेल्वेच्या आरक्षणाची. तारीख देवीची, तिकीट मात्र ज्याचे त्याने मिळवायचे!

महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी देवाला विचारावे, ही इच्छा जगातील बहुतेक सर्व धर्मांत आढळते. मुस्लिम समाजात त्यासाठी इस्तिखाराची नमाज आहे, शीख धर्मात गुरू ग्रंथसाहिबातून ‘वाक’ घेण्याची रीत आहे, केरळातील मंदिरांत देवप्रश्न मांडला जातो. कोकण आणि गोव्यात या इच्छेने ‘कौल’ हे रूप घेतले. त्यासाठी पोथी लागत नाही, कुंडलीही लागत नाही. थोडे पाणी, काही पाकळ्या आणि एक नेमका प्रश्न एवढ्यावर काम भागते. तरीही या साध्या साहित्याने कित्येक घरांची वाटणी, कित्येक मुलींची लग्ने आणि अख्ख्या गावांचे येणे-जाणे ठरवले आहे.

शब्द सरकारी, वापर देवाचा

‘कौल’ हा शब्द मूळचा अरबी. बोल, वचन हा त्याचा अर्थ. मराठी राज्यकारभारात तो अभयपत्र किंवा करारपत्र या अर्थाने रूढ होता. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवायचा असेल, पडीक जमीन लागवडीखाली आणायची असेल, तर रयतेला सरकारातून कौल दिला जाई. अमुक वर्षे सारा माफ, पुढे इतका, असे त्यात लिहिलेले असे. कौल मिळाल्यावर परागंदा झालेली कुळे गावात परतत. देवाच्या उत्तरालाही लोकांनी हेच नाव दिले, यात एक मार्मिक अर्थ दडला आहे. देवाचे म्हणणे येथे भविष्यकथन म्हणून घेतले जात नाही; ‘मी पाठीशी आहे, तू कर’ असे अभयपत्र म्हणून घेतले जाते. ज्योतिषाला ‘काय होईल’ असे विचारतात. देवाला कौल लावताना ‘करू का’ असे विचारतात. दोन्ही प्रश्नांत फार अंतर आहे.

हाच शब्द पुढे लोकशाहीतही आला. निवडणुकीच्या निकालाला वृत्तपत्रे ‘जनतेचा कौल’ म्हणतात. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या मतदानाला मराठीत ‘जनमत कौल’ हेच नाव मिळाले. त्या मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. पान-फुलांनी कौल घेण्याची सवय असलेल्या प्रदेशात हा योगायोग गमतीचाच म्हणायला हवा.

कौल लावतात कसा?

प्रत्येक देवळाचे नियम निराळे असले, तरी रीत ढोबळमानाने एकच आहे. बहुतेक ठिकाणी सकाळची पूजा आटोपल्यावर देवाच्या पाषाणाला किंवा मूर्तीला ओल्या पाकळ्या, फुलांचे कळे, तुळशीची पाने किंवा तांदळाचे दाणे ठरावीक जागी चिकटवले जातात. छाती, खांदे, बाहू अशा डाव्या-उजव्या अंगांच्या जागा परंपरेने निश्चित असतात. पुजारी, म्हणजे कोकणात बहुधा गुरव, भाविकाचा प्रश्न देवापुढे मांडतो. मग सारे थांबतात. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे होकार. डाव्या अंगाची आधी पडली तर डावा, म्हणजे नकार. कधी दोन क्षणांत पाकळी सुटते, कधी अर्धा-पाऊण तास काहीच हलत नाही.

पाकळी हललीच नाही, तर तेही एक उत्तर मानले जाते. देव ‘घुटमळतो’ आहे, त्याच्या मनात काही आहे, असे समजून प्रश्न बदलला जातो. एखादा नवस फेडायचा राहिला आहे का? भावकीतील कुणाचा मान चुकला आहे का? गाभाऱ्यातील प्रश्नोत्तरे मग मूळ प्रश्नापासून दूर, घराच्या जुन्या दुखण्यांपर्यंत जाऊन पोहोचतात. घर बांधायला परवानगी मागायला आलेला माणूस वीस वर्षांपूर्वी तुटलेल्या चुलतभावाशी बोलणी सुरू करण्याचे कबूल करून परततो, असेही घडते.

प्रश्न मांडण्याच्या या विधीला कोकणात ‘गाऱ्हाणे’ म्हणतात. मालवणी बोलीतील हे गाऱ्हाणे म्हणजे एक रीतसर अर्जच असतो. आधी ग्रामदेवतेला, तिच्या परिवाराला, बारा-पाचाच्या देवस्कीला हाक, मग अर्जदार कोण, कुठला, कशासाठी आला याचा तपशील, मग मागणी. प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. ‘वस्त्रहरण’ नाटकामुळे हे गाऱ्हाणे मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना ठाऊक झाले आणि त्यांना हसू आले. गावात ते हसण्यावारी नेले जात नाही. आपली अडचण चारचौघांसमोर, मोठ्या आवाजात, देवाला उद्देशून सांगितली जाणे, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला ‘व्हय म्हाराजा’चे वजन कळते.

गोव्यात याच विधीला ‘प्रसाद लावणे’, ‘प्रसाद पाकळी घेणे’ असेही म्हणतात. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा अशा कुलदैवतांचे महाजन आणि कुळावी मुंबई, कारवार, मंगळूर अशा ठिकाणी विखुरले आहेत. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकात या देवता सासष्टी-तिसवाडीतून फोंडा परिसरात हलवाव्या लागल्या, तरी भक्तांचा धागा तुटला नाही. आजही मुलाच्या लग्नाआधी किंवा नवा व्यवसाय सुरू करण्याआधी कुलदेवतेचा प्रसाद घेण्यासाठी ही कुटुंबे फोंड्याला येतात.

काय विचारले जाते?

सोयरीक जमवावी का, वडिलोपार्जित जमीन विकावी का, विहीर कुठे खणावी, भावाभावांत वाटणी करावी की सामाईक ठेवावे, मुंबईतील नोकरी सोडून गावी यावे का, हे घरगुती प्रश्न. गावाचे प्रश्न वेगळे असतात. देवळाचा जीर्णोद्धार करायचा तर जुने जांभ्याचे बांधकाम उतरवावे का, मूर्ती तात्पुरती हलवावी का, पालखी कोणत्या दिवशी बाहेर काढावी, हे कौलाशिवाय ठरत नाही. सिंधुदुर्गातील बरीच देवळे कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग मिळून तीन हजारांहून अधिक देवस्थाने या समितीकडे आहेत. त्यामुळे अशा देवळाच्या दुरुस्तीला देवाचा कौल आणि समितीची मंजुरी अशा दोन परवानग्या लागतात. यातील कोणती आधी मिळते, हे कोकणी माणसाला विचारावे!

कौलाखेरीज देवाचे म्हणणे जाणून घेण्याचा दुसराही मार्ग आहे. तो म्हणजे अवसर. मानकऱ्याच्या अंगात देव येतो आणि तो प्रत्यक्ष बोलतो. अवसराचे बोलणे लांबलचक असू शकते, त्यात रोष असतो, आज्ञा असते. कौल त्यामानाने मितभाषी. हो किंवा नाही, याखेरीज देव काही बोलत नाही. म्हणूनच अनेक जाणत्या गावकऱ्यांचा अवसरापेक्षा कौलावर अधिक भरवसा असतो. पाकळीला नातेवाईक नसतात.

इतिहासातील दाखले

राजकारणातही देवाला विचारण्याची प्रथा होतीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे कृष्णाजी अनंत सभासद यांनी लिहिलेल्या बखरीत, अफझलखानाच्या स्वारीच्या प्रसंगी भवानीने शिवाजी महाराजांना दृष्टान्त दिल्याचे वर्णन आहे. १६५९ च्या त्या भेटीपूर्वी महाराजांनी सल्लागारांशी केलेली मसलत, वकिलांमार्फत काढलेली बातमी, जावळीच्या रानात पेरलेले सैन्य हे सारे त्याच बखरीत येते. दृष्टान्ताने मसलतीची जागा घेतली नाही, याकडे वाचकाचे लक्ष सहसा जात नाही.

न्यायदानात देवाला साक्षीला बोलावण्याचा प्रकार अधिक कठोर होता. वतनाच्या तंट्यात कागदपत्रांनी किंवा साक्षींनी निकाल लागला नाही, तर ‘दिव्य’ करावे लागे. उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी हात पाहून खरे-खोटे ठरवायचे. याला रवा दिव्य म्हणत. डॉ. विठ्ठल त्र्यंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील १९५३ च्या ग्रंथात अशा अनेक निवाड्यांचा अभ्यास केला आहे. दिव्य इंग्रजी अमलात नाहीसे झाले. त्याचे सौम्य भावंड असलेला कौल मात्र टिकला, कारण त्यात कुणाचा हात भाजत नव्हता.

कोकणातील या प्रथांची पहिली मोठी नोंद झाली ती नाशिकचा जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन याच्यामुळे. हाच तो जॅक्सन, ज्याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. लोकसमजुतींविषयीची त्याची प्रश्नावली गावोगावच्या शिक्षकांकडे गेली होती. त्यांनी पाठवलेली उत्तरे पुढे आर. ई. एंथोवेन यांनी संपादित केली आणि कोकणाविषयीचा भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामदेवता, अंगात येणे, देवाला विचारणे यांविषयी शाळामास्तरांनी पाठवलेली ही माहिती आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

संतांची भूमिका मात्र वेगळी होती. अंगात आणणारे, शकुन सांगणारे, नवसाची लालूच दाखवणारे यांच्यावर तुकोबांनी कडक शब्दांत कोरडे ओढले आहेत. वारकरी विठ्ठलाला भेटायला जातो, त्याला कौल लावायला जात नाही. देशावरचा वारकरी आणि तळकोकणातला गावकर यांच्या देवाशी बोलण्यात हा जो फरक आहे, त्याकडे महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

पाकळी का पडते?

विज्ञानाचे उत्तर सरळ आहे. ओली पाकळी पाषाणाला चिकटून राहते ती पाण्याच्या पृष्ठताणामुळे. पाणी वाळू लागले, की पकड सैल होते आणि पाकळी आपल्या वजनाने सुटते. कोणत्या बाजूला पाणी अधिक, दगड कुठे खडबडीत, समईची ऊब कोणत्या अंगाला, दारातून येणारी झुळूक कुठून, पाकळी जाड की पातळ, यावर कोणती आधी पडेल हे अवलंबून असते. ज्याचे बोट पाकळी चिकटवते, त्याला सवयीने यातले बरेचसे कळत असणार, हा आक्षेपही जुनाच आहे.

श्रद्धावंताला हे उत्तर ठाऊक नसते असे नाही. पाकळी पाण्याने चिकटते आणि वाळून पडते, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. त्याचा प्रश्न निराळा असतो. दोन्ही बाजूंनी सारख्याच वजनाची कारणे असताना, घरातील चार माणसे चार दिशांना ओढत असताना, निर्णयाची जबाबदारी एकट्याने कशी पेलायची? जमीन विकली आणि पुढे तिचा भाव दसपट झाला, तर धाकटा भाऊ आयुष्यभर थोरल्याला बोल लावील. देवाने कौल दिला असेल, तर तो लावता येत नाही. कौलाचे खरे काम येथे आहे. एकाचा निर्णय तो सर्वांचा करतो आणि चुकलाच तर चूक कुणा एकाच्या माथी बसू देत नाही.

तैवानमधील देवळांत अर्धचंद्राकृती दोन ठोकळे देवापुढे जमिनीवर टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली, तर होकार. मोठ्या प्रश्नाला असा होकार सलग तीनदा यावा लागतो. प्रत्येक वेळी शक्यता निम्मी धरली, तरी सलग तीन होकारांची शक्यता आठांत एक उरते. म्हणजे बेत तडीस जाणे सोपे राहत नाही. तेथील कित्येक देवळांत वर्षभराच्या उत्सवाचा यजमानही असाच निवडतात. ज्याला सर्वाधिक सलग होकार, तो यजमान. पैसेवाल्याने किंवा पुढाऱ्याने मान विकत घेऊ नये, याची व्यवस्था त्यात आपोआप होते.

प्रश्न कोण विचारतो?

येथवर सारे ठीक. अडचण सुरू होते ती पाकळी पडण्याआधी, प्रश्नाच्या शब्दांत. ‘घर विकावे का?’ आणि ‘घर राखावे का?’ हे दोन प्रश्न देवाला सारखेच वाटत असतील, पण ज्याला विकायचे आहे तो पहिलाच विचारणार. डावा पडला, तर ‘या वर्षी नको, पुढच्या वर्षी विकावे का?’ असा पुढचा प्रश्न तयार असतो. माणूस दुसऱ्यांदा विचारू लागला, की त्याला काय हवे होते हे गाभाऱ्यातील सर्वांना कळून चुकते. आफ्रिकेतील अझांदे लोकांत दैवी उत्तराची खातरजमा करण्यासाठी तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारण्याची पद्धत होती, असे मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३७ च्या ग्रंथात नोंदवले आहे. आपल्याकडे उलट प्रश्न घालण्याचा असा नियम सर्वत्र असता, तर अनेक कौल वेगळे पडले असते.

दुसरी अडचण मानाची. गावाच्या वतीने गाऱ्हाणे कोणी घालायचे, कौलाच्या वेळी कोणत्या घराण्याने कुठे उभे राहायचे, अर्थ कोणी सांगायचा, हे हक्क ठरावीक घराण्यांचे असतात. गावकर, परब, राहाटे, घाडी, गुरव अशी ही मानकऱ्यांची उतरंड आहे. देवाचा शब्द ज्याच्या तोंडून गावाला कळतो, त्याच्या हाती गावाची नाडी असते. त्यामुळे मानपानाचे तंटे न्यायालयापर्यंत जातात, पोलीस बंदोबस्तात उत्सव करावे लागतात, काही ठिकाणी तर वर्षानुवर्षे उत्सवच बंद पडतात. गावाच्या फेरीत ज्यांना जागा नाही, त्या वाड्यांच्या प्रश्नांना देवापुढे शब्द मिळतोच असे नाही.

लग्नाच्या बाबतीत कौलाचा आणखी एक उपयोग होतो. स्थळ मनातून पसंत नसेल, तर ‘प्रसाद झाला नाही’ असे कळवून मोकळे होता येते. हुंडा पुरेसा नाही, मुलगी सावळी आहे, घर लहान आहे, यांपैकी काहीच बोलून दाखवावे लागत नाही. देशावर ‘पत्रिका जुळत नाही’ हे वाक्य जे काम करते, तेच येथे पाकळी करते. समोरच्याचा अपमान टळतो, हे खरे. पण ज्या मुलीच्या लग्नाचा कौल लावला जातो, तिच्या मनात काय आहे हा प्रश्न देवापुढे मांडला गेल्याचे फारसे ऐकिवात नाही.

देवाचे मत प्रस्थापितांच्याच बाजूने पडते, असेही समजण्याचे कारण नाही. १२ ऑक्टोबर १९२० रोजी अमृतसरमध्ये घडलेली घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तथाकथित अस्पृश्य जातींतून शीख धर्मात आलेली मंडळी कडा प्रसाद घेऊन सुवर्णमंदिरात गेली. पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. सोबत आलेले सुधारक मागे हटेनात. अखेर तोड निघाली ती अशी, की गुरू ग्रंथसाहिब उघडून वाक घ्यावे आणि ते सर्वांनी मानावे. निघालेले वचन प्रसाद आणणाऱ्यांच्या बाजूचे होते. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. त्याच दिवशी अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले आणि गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीने वेग घेतला. नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये रोज हुकमनामा ऐकणाऱ्या मराठी भाविकांना वाक म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अमृतसरला त्या दिवशी प्रश्न विचारण्याचा हक्क बाहेर उभ्या असलेल्यांना मिळाला. उत्तराइतकेच महत्त्व त्यालाही होते.

कायद्याची रेष

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. देवपूजा, यात्रा, कीर्तन यांना या कायद्याची बाधा नाही. देवाला कौल लावणे हा त्यामुळे गुन्हा ठरत नाही. रेष ओढली आहे ती पुढे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे, अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून लोकांत भीती पसरवणे, एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याचे जगणे अवघड करणे, हे गुन्हे आहेत. शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी देवापुढे हात जोडणारा रुग्ण आणि शस्त्रक्रिया करावी की नाही हे पाकळीवर सोडणारा रुग्ण यांच्यात अंतर आहे. कौल डावा पडला म्हणून रुग्णालयात जाण्यास झालेला एका दिवसाचा उशीरही जिवावर बेतू शकतो. बहुतेक शहाणे मानकरी अशा वेळी देवाला ‘डॉक्टरच्या हाताला यश दे’ एवढेच सांगतात, कौल लावत नाहीत. ही प्रथेतील शहाणीव कायद्याच्या आधीची आहे आणि ती टिकायला हवी.

देवाच्या शब्दाला प्रशासनाच्या शब्दाशी कसे जुळवून घ्यावे लागते, हे २०२१ मध्ये दिसले. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षीची आंगणेवाडीची यात्रा आंगणे कुटुंबीयांपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली. तारीख देवीने दिली, किती माणसांनी यायचे ते सरकारने ठरवले. दोन्ही आदेश पाळले गेले.

गाव रिकामे होते तेव्हा

कौलाची सर्वांत मोठी कसोटी मालवण तालुक्यातीलच आचरे गावात लागते. तीन-चार वर्षांनी एकदा, देवदिवाळीच्या सुमारास ग्रामदैवत रामेश्वराला कौल लावून गावपळण ठरते. ठरलेल्या दिवशी सारा गाव वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री गावात माणूस राहत नाही. गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा सोबत नेली जातात. घरांना कुलपे लागतात, बाजारपेठ बंद होते, शाळा ओस पडते. वेशीपलीकडे, खाडीकाठी, माळावर झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहतात. हिंदूंबरोबर गावातील मुस्लिम कुटुंबेही बाहेर पडतात. पूर्वी भुताखेतांच्या भीतीशी जोडली गेलेली ही प्रथा आता अनेकांना सामूहिक सहलीसारखी वाटते. मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात, रात्री भजने, फुगड्या, दशावतार रंगतात. चिंदर, वायंगणी या शेजारच्या गावांतही गावपळणीची परंपरा आहे. साथीच्या रोगांपासून बचाव, जमिनीला आणि हवेला विसावा, असे या प्रथेचे निरनिराळे अर्थ लावले जातात.

आजारी माणसे, बाळंतिणी, बारावीची पोरे, सरकारी नोकर अशा सर्वांची सोय लावून हजारोंचा गाव एका शब्दाखातर घराबाहेर पडतो. कुणी हुकूम काढलेला नसतो, न जाणाऱ्यासाठी कायद्यात शिक्षा नसते. थंडीचे दिवस असतात. म्हातारी माणसे शेकोटीभोवती बसून आधीच्या गावपळणींच्या आठवणी काढतात, कुठल्या वर्षी कोण कोणत्या राहुटीत जन्मले तेही सांगतात.

चौथ्या दिवशी सकाळी गुरव आणि बारा-पाचाचे मानकरी मोजक्या माणसांनिशी रामेश्वराच्या देवळात जातात. गाव भरावा का, एवढाच प्रश्न असतो. वेशीवर बिऱ्हाडे बांधून तयार असतात, गुरे दावणीला ओढ देत असतात, मुलांना घरी जायची घाई झालेली असते. उजवा कौल मिळाल्याचा निरोप आला, की माणसे आपापल्या वाडीच्या वाटेला लागतात. कौल झाला नाही, तर सोडलेल्या गाठोड्यातले तांदूळ पुन्हा बाहेर निघतात, विझत आलेल्या चुलीत लाकूड सारले जाते आणि गाव आणखी एक रात्र बाहेर काढतो.